ग्यिरोकास्तरच्या दगडी वस्तीत पहिल्यांदा जाताना

अल्बानियाच्या दक्षिण भागात, द्रिनो नदीच्या रुंद खोऱ्याकडे तोंड करून डोंगराच्या उतारावर वसलेले ग्यिरोकास्तर हे गाव ‘दगडी शहर’ म्हणून ओळखले जाते. हे नाव कोणी कौतुकापोटी दिलेले नाही. ते शब्दशः खरे आहे. भिंती दगडाच्या, गल्ल्यांची फरसबंदी दगडाची, आणि घरांची छपरेसुद्धा कौलांची नसून दगडाच्या पातळ फरशांची. किल्ल्याच्या तटावरून खाली पाहिले की ही राखाडी छपरे माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक बसलेली दिसतात, आणि पाऊस पडून गेल्यावर तर सगळा उतारच चांदीचा मुलामा दिल्यासारखा चमकू लागतो. अल्बानियाच्या सरकारने १९६१ मध्ये या गावाला ‘संग्रहालय शहर’ असा दर्जा दिला, युनेस्कोने २००५ मध्ये त्याचा जागतिक वारशाच्या यादीत समावेश केला आणि २००८ मध्ये बेरात हे दुसरे जुने शहर त्याच नोंदीत जोडले.

येथे येणारे बहुसंख्य प्रवासी समुद्रकिनाऱ्यावरच्या सारांदाहून सकाळी निघतात, भर दुपारी जुन्या बाजारात दोन तास काढतात आणि संध्याकाळच्या आत परत जातात. त्यांना बाजार दिसतो, पण वस्ती दिसत नाही. म्हणून पहिल्यांदा जाणाऱ्याला माझे आग्रहाचे सांगणे असे, की येथे किमान दोन रात्री मुक्काम करावा, गाव पायी चालावे आणि जुन्या घरांपैकी निदान दोन घरे आतून पाहावीत. पुढची सगळी माहिती याच हिशेबाने, प्रवासाच्या क्रमाने मांडली आहे.

निघण्यापूर्वी: व्हिसा आणि ऋतू

भारतीय पारपत्र असणाऱ्यांना अल्बानियासाठी व्हिसा लागतो आणि त्याचा अर्ज ऑनलाइन करता येतो. मात्र ज्यांच्याकडे शेंगेन देशांचा (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटाचा), अमेरिकेचा किंवा ब्रिटनचा वैध आणि अनेकवार प्रवेशाचा व्हिसा आहे, आणि तो त्या देशात आधी एकदा तरी वापरलेला आहे, त्यांना वेगळा व्हिसा न काढता प्रवेश देण्याची तरतूद अल्बानियाने ठेवली आहे. असे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी अल्बानियाच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर स्वतः खात्री करून घ्यावी. एजंटच्या तोंडी आश्वासनावर विसंबू नये.

अल्बानिया शेंगेन क्षेत्रात येत नाही, ही गोष्ट येथे विशेष लक्षात ठेवावी लागते. ग्रीसची सहल करताना ‘जाता जाता अल्बानियाही पाहू’ असा बेत आपल्याकडचे पुष्कळ लोक करतात. तो चांगलाच आहे, कारण काकाव्या येथील सीमा ग्यिरोकास्तरपासून जेमतेम ३० किलोमीटरवर आहे. परंतु शेंगेन व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल, तर सीमा ओलांडल्यावर तो संपला असे समजावे. ग्रीसला परत जाऊन अथेन्सहून विमान पकडता येणार नाही. माझ्या ओळखीच्या एका कुटुंबाचा पूर्ण परतीचा बेत याच एका शब्दाकडे, म्हणजे व्हिसावर छापलेल्या प्रवेशसंख्येकडे, दुर्लक्ष झाल्याने ऐनवेळी मोडला होता.

ऋतूंपैकी एप्रिल ते जूनचा मध्य आणि सप्टेंबर ते ऑक्टोबरचा मध्य हे दोन काळ उत्तम. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारी दगड तापतात, चढ जीव काढतात आणि खालच्या किनाऱ्यावरून येणारी गर्दीही याच दिवसांत सर्वांत जास्त असते. हिवाळ्यात येथे पाऊस भरपूर पडतो. तेव्हा गाव फार सुंदर दिसते, पण निसरड्या फरसबंदीवर वयस्कर माणसांना घेऊन फिरणे धोक्याचे असते आणि काही घरे पाहण्यासाठी बंदही असतात. उन्हाळ्यात तेथील घड्याळ आपल्यापेक्षा साडेतीन तास मागे असते आणि हिवाळ्यात साडेचार तास. घरच्यांना फोन करताना हा फरक ध्यानात ठेवावा.

सामानात एक वस्तू कोणत्याही परिस्थितीत चुकवू नये, ती म्हणजे चांगली पकड असलेल्या रबरी तळव्याचे बूट. शेकडो वर्षे पायांखाली घासून येथील दगड काचेसारखे गुळगुळीत झाले आहेत. आपल्याकडच्या गडावरच्या झिजलेल्या पायऱ्यांची ज्यांना सवय आहे त्यांना हे लगेच कळेल. दुसरी गोष्ट अशी की चाकांची मोठी बॅग येथे निरुपयोगी ठरते. पाठीवरची सॅक किंवा हातात उचलता येईल अशी छोटी पिशवी घ्यावी.

पोहोचण्याचे मार्ग

मुंबईहून अल्बानियाला जाणारे बहुतेक प्रवासी इस्तंबूल किंवा आखातातल्या एखाद्या शहरात विमान बदलून तिरानाला उतरतात. तिरानाच्या विमानतळाला मदर तेरेसांचे नाव आहे; त्या जन्माने अल्बानियन होत्या, आणि भारतातून आलो असे सांगितल्यावर येथील माणसे हे नाते आवर्जून काढतात. तिरानाहून ग्यिरोकास्तरला सुमारे चार तासांत बस पोहोचते. आखातात, जर्मनीत किंवा ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबांना ग्रीसच्या कॉर्फू बेटावर विमानाने उतरून तेथून बोटीने सारांदाला येणे अनेकदा सोयीचे पडते. वेगवान बोट अर्ध्या-पाऊण तासात पोहोचते, आणि सारांदाहून मुझिना खिंडीतला घाट चढून गाडी तासा-सव्वा तासात ग्यिरोकास्तरला येते.

गावागावांदरम्यान बसबरोबरच ‘फुर्गोन’ नावाच्या छोट्या गाड्या धावतात. आपल्याकडच्या वडापची ज्यांना सवय आहे त्यांना त्यांची रीत समजावून सांगावी लागणार नाही. गाडी भरली की निघते, पैसे गाडीतच द्यायचे असतात, आणि वेळापत्रक असले तरी त्यावर फार भिस्त ठेवता येत नाही. सकाळच्या गाड्या जास्त असतात व दुपारनंतर त्या विरळ होतात, म्हणून लांबचा प्रवास शक्यतो नऊच्या आत सुरू करावा.

पुढचा मुद्दा नवख्या माणसाला कोणी सांगत नाही, म्हणून येथे मुद्दाम लिहितो. बस जेथे उतरवते ते डोंगराच्या पायथ्याचे नवे गाव असते. तेथे सिमेंटच्या इमारती आहेत, दुकाने आहेत, एक लांब सरळ रस्ता आहे, आणि ‘हेच का ते जुने शहर’ असे वाटून मन खट्टू होते. जुनी वस्ती तेथून वर आहे. चालत गेल्यास वीस-पंचवीस मिनिटांचा खडा चढ लागतो. सामान असेल तर सरळ टॅक्सी करावी, पण बसण्याआधी भाडे ठरवावे आणि ते कागदावर किंवा मोबाइलच्या पडद्यावर आकड्यात लिहून घ्यावे. आकडा लिहून घेण्याचे कारण पुढे पैशांच्या भागात येईल.

मुक्काम कोठे करावा

जुन्या बाजाराच्या आसपास आणि पालोर्तो या मोहल्ल्यात जुन्या घरांची छोटी अतिथिगृहे झाली आहेत. बहुतेक ठिकाणी घरचीच माणसे व्यवस्था पाहतात आणि सकाळची न्याहारी भाड्यात धरलेली असते. खोली घेताना दोन प्रश्न आधी विचारावेत: घरापर्यंत गाडी येते का, आणि खोलीपर्यंत किती पायऱ्या आहेत. गुडघेदुखी असलेल्यांनी बाजाराच्या सपाटीजवळच राहावे. वरच्या मोहल्ल्यातून दिसणारे दृश्य कितीही चांगले असले, तरी दिवसातून तीनदा तो चढ चढणे त्यांना जमणार नाही.

खाली नव्या गावात स्वस्त हॉटेले मिळतात, पण तेथे राहिल्यास पहाट आणि रात्र हातची जाते, आणि या वस्तीचे खरे रूप त्याच दोन वेळी दिसते.

पहिली संध्याकाळ: बाजार

सामान टाकल्यावर पहिल्या संध्याकाळी दुसरे काहीही न करता बाजारात जावे. पाच गल्ल्या एका छोट्या सपाटीवर येऊन मिळतात. त्या जागेला ‘चाफा ए पाझारित’ म्हणतात. ‘चाफा’ या अल्बानियन शब्दाचा अर्थ मान असाही होतो आणि डोंगरातली खिंड असाही होतो. प्रत्येक बाजूने चढ चढून माणसे ज्या चिंचोळ्या जागी पोहोचतात, त्या जागेला याहून योग्य नाव सुचणे कठीण. येथे उभे राहून आधी खाली पाहावे. फरसबंदी एकरंगी नाही. काळे, पांढरे आणि गुलाबी छटेचे दगड पट्ट्यापट्ट्यांनी बसवून गल्लीभर नक्षी काढली आहे. मध्यभागाकडे दगड किंचित उतरते ठेवलेले आढळतील, म्हणजे पावसाचे पाणी दुकानांच्या उंबऱ्याशी न साचता वाहून जाते.

बाजार सतराव्या शतकापासूनचा आहे, पण तो एकदा आगीत जळून पुन्हा उभा राहिलेला आहे. त्याच्या वरच्या अंगाला असलेली मशीद १७५७ ची आहे. एन्वेर होजा यांच्या साम्यवादी राजवटीने १९६७ मध्ये सर्व धर्माचरणावर बंदी घातली, तेव्हा गावातली इतर प्रार्थनास्थळे पाडली गेली किंवा बंद झाली. ही इमारत मात्र वारसा वास्तू म्हणून वाचली आणि तिच्या उंच घुमटाखाली सर्कशीतले कसरतपटू सराव करू लागले. आज तेथे पुन्हा नमाज होते. आत जायचे झाल्यास हातपाय झाकलेले कपडे असावेत, पादत्राणे बाहेर काढावीत आणि नमाजाची वेळ टाळावी.

खरेदीची घाई पहिल्या दिवशी करू नये. रंगीत चुंबके, चहाचे पेले आणि यंत्रावर विणलेले गालिचे पुष्कळ ठिकाणी सारखेच दिसतील, कारण ते बाहेरून आलेले असतात. पण लाकडावर कोरीव काम करणारे, दगड कोरणारे आणि हाताने विणकाम-भरतकाम करणाऱ्या स्त्रिया याच गल्ल्यांत आजही काम करतात. जेथे दुकानातच हत्यारे, भुसा, दगडाची पूड किंवा अर्धवट विणलेला तुकडा दिसेल, तेथून वस्तू घ्यावी. तिची किंमत थोडी जास्त असेल. ती घासाघीस न करता द्यावी, असे मला मनापासून वाटते.

सूर्य कलला की लोक नटूनथटून सावकाश फिरायला बाहेर पडतात. या फेरफटक्याला तेथे ‘जिरो’ म्हणतात, आणि त्यात आजोबा-आजींपासून बाबागाडीतल्या मुलापर्यंत सगळे असतात. आपणही त्यांच्याच चालीने चालावे. कोणी ‘मिरदिता’ म्हणून नमस्कार केला तर तोच शब्द उलट म्हणावा. आभार मानताना ‘फालेमिंदेरित’ म्हणावे. शब्द लांब आहे, पण तो नीट उच्चारण्याची धडपड करणाऱ्या पाहुण्याकडे पाहून समोरच्याचा चेहरा उजळतो.

दुसरी सकाळ: किल्ला

सकाळी किल्ला उघडताच आत शिरावे, कारण दहा-साडेदहानंतर सहलीच्या बसगाड्या येऊ लागतात. प्रवेशद्वारातून आत गेल्यावर उंच कमानींचे एक लांबलचक अंधारे दालन लागते आणि त्यात दोन्ही महायुद्धांच्या काळातल्या, शत्रूकडून हस्तगत केलेल्या तोफा ओळीने मांडलेल्या आहेत. बाहेरच्या उन्हातून एकदम आत आल्यावर डोळे सरावायला वेळ लागतो. तो द्यावा, मग कमानींचे दगडकाम दिसू लागते.

किल्ल्याचा मोठा विस्तार एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीस तेपेलेनाच्या अली पाशाने केला. नावाला तो उस्मानी सुलतानाचा सुभेदार होता, पण यानिना (आजच्या ग्रीसमधले शहर) येथून स्वतंत्र राजासारखा कारभार करत असे. किल्ल्याच्या टोकाला दिसणारा घड्याळाचा मनोरा त्याच्याच काळातला. डोंगरातून किल्ल्यात पाणी आणण्यासाठी त्याने कमानींवर उभा केलेला जलवाहक १९३०च्या दशकात पाडला गेला आणि त्याचे दगड झोग राजाच्या कारकिर्दीत किल्ल्यातल्या तुरुंगासाठी वापरले गेले. त्या जलवाहकाचा एक उरलेला कमानी पूल दुनावात मोहल्ल्याच्या वरच्या घळीत अजून उभा आहे. किल्ल्यावरून तेथपर्यंत चालत जाण्यास साधारण अर्धा तास लागतो, वाटेत गर्दी नसते, आणि ज्यांचे पाय साथ देतात त्यांनी ही वाट अजिबात चुकवू नये.

तटावर उघड्यावर एका जेट विमानाचा सांगाडा पडलेला आहे. अमेरिकेच्या हवाई दलाचे हे लॉकहीड टी-३३ विमान डिसेंबर १९५७ मध्ये अल्बानियाच्या हद्दीत उतरले. हेरगिरी करणारे विमान आम्ही खाली उतरवले, असा तेव्हाच्या राजवटीचा प्रचार होता; विमान खराब हवेत भरकटले, असे अमेरिकेचे म्हणणे होते. वैमानिकाला पुढे सोडून देण्यात आले, विमान मात्र येथेच राहिले. त्याच्या पुढचे मोकळे मैदान म्हणजे राष्ट्रीय लोककला महोत्सवाची जागा. हा महोत्सव १९६८ मध्ये सुरू झाला आणि साधारण दर पाच वर्षांनी भरतो. अनेक कंठांनी एकत्र गायल्या जाणाऱ्या दक्षिण अल्बानियन लोकगीतांसाठी तो विशेष प्रसिद्ध आहे.

किल्ल्याखालून एक बोगदा गेला आहे. आक्रमणाची सतत धास्ती बाळगणाऱ्या होजा राजवटीने अणुयुद्धाच्या वेळी स्थानिक अधिकाऱ्यांना लपण्यासाठी तो खणवला होता. आत मार्गदर्शकासोबतच सोडतात. खाली चौकातल्या माहिती केंद्रात वेळ विचारून घ्यावी. आत ओल असते आणि दिवे मंद असतात. बंदिस्त जागेत ज्यांना गुदमरल्यासारखे होते, त्यांनी बाहेर थांबलेले बरे.

घरे आतून पाहणे

या वस्तीत वेळ द्यायचा तो घरांना. येथील मोठ्या घरांना ‘कुला’ म्हणतात, म्हणजे बुरूज, आणि बाहेरून ती तशीच दिसतात: खालचे दोन मजले जवळजवळ बिनखिडक्यांचे, जाड दगडी भिंतींचे, आणि वरचा मजला मात्र खिडक्यांनी भरलेला. वैर आणि हल्ले यांची भीती असलेल्या काळात धनिक कुटुंबांनी ती बांधली. ज्याने कोकणातले चिरेबंदी घर किंवा पुण्या-साताऱ्याकडचा जुना वाडा आतून पाहिला आहे, त्याला येथे एक ओळखीची खूण पटत राहते. फरक एवढाच की आपला वाडा चौकाभोवती आडवा पसरतो, आणि जमिनीची टंचाई व तीव्र उतार यांमुळे ही घरे उभी वाढली आहेत.

सुरुवात झेकाते घरापासून करावी. ते १८११-१२ मध्ये अली पाशाच्या एका कारभाऱ्यासाठी बांधले गेले, आणि पालोर्तो मोहल्ल्याच्या वरच्या टोकाला दोन जोड बुरुजांसह उभे आहे. चढ दमवणारा आहे. पाण्याची बाटली सोबत असू द्यावी. आत गेल्यावर वरच्या सुशोभित दालनाकडे धावू नये, आधी तळमजल्यावर थांबावे. तेथे पाण्याचे टाके आहे. गडकोट पाहणाऱ्या मराठी माणसाला टाके म्हणजे काय हे सांगावे लागत नाही, पण ते घराच्या पोटात असणे हे येथील वैशिष्ट्य: दगडी छपरावर पडणारे पावसाचे पाणी पन्हळींतून खाली आणून या टाक्यात साठवले जाई, म्हणजे वेढा पडला किंवा उन्हाळा लांबला तरी घराला पाणी कमी पडत नसे. पाणी, धान्य आणि जाड भिंती तळाशी. हिवाळ्यात राहण्याच्या, शेकोटीच्या लहान खोल्या मधल्या मजल्यावर. आणि वारा खेळता राहावा म्हणून चारी बाजूंनी खिडक्या असलेली उन्हाळी दालने सर्वांत वर, अशी ही रचना आहे. एकाच घरात माणसे ऋतुमानानुसार वर-खाली बिऱ्हाड हलवत.

वरचे पाहुण्यांचे दालन म्हणजे घराची प्रतिष्ठा. लाकडी छत कोरलेले, भिंतीला लागून बैठक, आणि शेकोटीच्या निमुळत्या धुराड्यावर डाळिंबे व फुले रंगवलेली. अल्बानियन भाषेत ‘मिक’ हा एकच शब्द मित्रासाठीही आहे आणि पाहुण्यासाठीही. घरातली सर्वांत उंच, सर्वांत उजेडाची आणि सर्वांत सजवलेली खोली परक्या माणसासाठी का राखली असेल, हे तो शब्द कळल्यावर समजते. त्याच दालनाच्या वरच्या बाजूस जाळीदार लाकडी सज्जा दिसेल. तेथे बसून घरातल्या स्त्रिया, स्वतः न दिसता, खालची बैठक पाहत आणि पाहुण्यांना काही हवे-नको याचा अंदाज घेत. त्या जाळीमागे उभे राहून खाली पाहावे. दालनाचे सगळे सौंदर्य तेथूनही दिसते, पण ते कोणासाठी होते हेही दिसते.

झेकाते घराखेरीज स्केंदुली घर अवश्य पाहावे. साम्यवादी राजवटीत गेलेले हे घर पुढे मूळ कुटुंबाला परत मिळाले, आणि घरचीच माणसे ते फिरून दाखवतात. येथे भिंतींमध्ये बसवलेली कपाटे, घरातली न्हाणीघरे आणि लग्नकार्याचे रंगीत काचांच्या खिडक्यांचे दालन पाहण्यासारखे आहे. माहिती सांगणाऱ्याला मध्ये थांबवून प्रश्न विचारण्यास संकोच करू नये. आपल्या घराबद्दल कोणी आस्थेने विचारले की ते जास्तच खुलतात. जवळच लोकजीवनाच्या वस्तूंचे संग्रहालय आहे. १९०८ मध्ये एन्वेर होजा ज्या जागी जन्मले, तेथले मूळ घर जळाल्यानंतर १९६०च्या दशकात हे घर नव्याने बांधले गेले, त्यामुळे ते पारंपरिक घराचा नमुना म्हणून पाहावे, जुनी वास्तू म्हणून नव्हे. याच मोहल्ल्यात १९३६ मध्ये जन्मलेले आणि १ जुलै २०२४ रोजी निधन पावलेले थोर अल्बानियन कादंबरीकार इस्माईल कादारे यांचे घरही दुरुस्त करून लोकांसाठी खुले केले आहे. ज्या गल्लीत ते आहे तिचे नाव ‘वेड्यांची गल्ली’ असे आहे.

घरांचे तिकीट रोखीने घ्यावे लागते आणि रक्कम फार नसते. ती देताना हात आखडता घेऊ नये. दगडी छपराचे वजन प्रचंड असते. खालच्या तुळया कुजल्या की फरशा घसरतात, पाणी आत शिरते, आणि दोन-तीन पावसाळ्यांत छप्पर बसते. साम्यवादी राजवट ढासळल्यावर, १९९१ नंतर, येथील हजारो माणसे ग्रीस आणि इटलीला कामासाठी गेली. कित्येक घरांना कुलूप लागले ते लागलेच. पालोर्तोत चालताना मी एका घराच्या उघड्या दाराशी थांबलो होतो. आतला जिना कोसळलेल्या फरशांच्या ढिगात अर्धा गाडला गेला होता आणि वर, जेथे पाहुण्यांचे दालन असायला हवे होते तेथे, एका भिंतीवर रंगवलेल्या शेकोटीचा तुकडा उघड्या आभाळाखाली शिल्लक होता. त्यावरचे डाळिंब अजून लाल होते. अशा पडक्या घरांत शिरू नये. ती धोकादायक तर असतातच, शिवाय ती कोणाच्या तरी मालकीची असतात.

जेवणखाण

शाकाहारी माणसाने या गावी निर्धास्त यावे, कारण येथील सर्वांत प्रसिद्ध पदार्थ मांसाविना होतो. त्याचे नाव ‘चिफ्ची’. शिजवलेला भात, अंडी, पुदिना आणि मिरपूड एकत्र कालवून त्याचे गोळे करतात आणि खळगे असलेल्या खास तव्यात, थोड्या तेलावर, एकेक गोळा फिरवत खरपूस भाजतात. अतिथिगृहाच्या स्वयंपाकघरात मी तो तवा पहिल्यांदा पाहिला तेव्हा क्षणभर विश्वास बसेना, कारण ते आपले आप्पेपात्रच होते. घरच्या आजी दोन काट्यांनी प्रत्येक गोळा हलकेच टोचून उलटा करत होत्या, आणि कडेचा भात सोनेरी होऊन पुदिन्याचा वास सुटला होता. अंडे न खाणाऱ्यांनी मात्र चिफ्ची टाळावी, कारण भाताचे गोळे अंड्यानेच बांधलेले असतात.

पालकाचे किंवा ताज्या चीजचे सारण भरलेले ‘ब्युरेक’ सकाळी बेकरीत गरम मिळते. भरलेल्या मिरच्या, भाजलेली वांगी, टोमॅटो-काकडीची कोशिंबीर आणि घट्ट दही जवळजवळ सगळीकडे असते. तरी ‘पा मिश’, म्हणजे मांसाविना, हे दोन शब्द पाठ करून ठेवावेत, कारण भरलेल्या मिरचीत कधी भात असतो तर कधी खिमा. गोड म्हणून ‘ओशाफ’ मागावे. मेंढीच्या दुधात सुकी अंजिरे घालून आटवलेला तो दाट पदार्थ बासुंदी आवडणाऱ्याला नक्की आवडेल. डोंगरी वनस्पतीचा चहा, ‘चाय मालित’, दुधाविना आणि मधासोबत देतात. ‘चाय’ हा शब्द मात्र आपलाच वाटतो.

पैसे, मान आणि मोबाइल

चलन लेक आहे आणि साधारण शंभर लेक म्हणजे एक युरो असा ढोबळ हिशेब करता येतो. रुपये कोठेही बदलून मिळत नाहीत, म्हणून युरो न्यावेत. कार्ड मोठ्या हॉटेलांत चालते, घरगुती अतिथिगृहे, फुर्गोन आणि घरांची तिकिटे मात्र रोखीवर चालतात.

आता आकडा लिहून घेण्याचे कारण. १९६५ मध्ये अल्बानियाने चलनातले एक शून्य कमी केले, दहा जुन्या लेकचा एक नवा लेक झाला. पण बोलण्यातला जुना हिशेब अजून गेलेला नाही. त्यामुळे ५०० लेकच्या वस्तूची किंमत एखादा वयस्कर दुकानदार सहज ‘पाच हजार’ सांगतो. यात फसवणुकीचा हेतू बहुधा नसतो. पहिल्याच दिवशी मी फळवाल्याने सांगितलेली रक्कम मोजून पुढे केली, तेव्हा त्याने त्यातली एकच नोट घेतली आणि बाकीच्या माझ्या मुठीत परत कोंबल्या. प्रत्येक जण इतका दक्ष असेलच असे नाही, म्हणून आकडा लिहून दाखवा असे सांगण्याची सवय लावावी.

मान हलवण्याबाबतही सावध राहावे. जुन्या रीतीप्रमाणे अल्बानियन माणूस होकार देताना मान आडवी हलवतो आणि नकार देताना ती किंचित वर उचलतो. तरुण पिढी आणि प्रवाशांशी नेहमी बोलणारे लोक जगासारखी मान हलवू लागले आहेत, त्यामुळे गोंधळ आणखीच वाढतो. आपली डोलणारी मान तर त्यांना अजिबात कळत नाही. शब्द वापरावेत: ‘पो’ म्हणजे हो, ‘यो’ म्हणजे नाही.

युरोपीय संघाच्या देशात घेतलेले सिमकार्ड अल्बानियात त्याच दराने चालेल असे गृहीत धरू नये. तिरानाला किंवा सारांदाला उतरल्यावर स्थानिक सिम घ्यावे, आणि वस्तीचा नकाशा आधीच मोबाइलमध्ये उतरवून ठेवावा. तरीही नकाशा जी वाट ‘तीन मिनिटे’ म्हणून दाखवतो, ती नव्वद पायऱ्यांची असू शकते.

परत निघताना

तिसऱ्या सकाळी वेळ उरल्यास सारांदाच्या वाटेवरचा ‘सिरी इ काल्तर’, म्हणजे निळा डोळा, हा खोल झरा पाहता येतो, आणि सारांदाच्या पुढे १९९२ पासून जागतिक वारसा यादीत असलेले बुत्रिंतचे प्राचीन अवशेष आहेत. झऱ्यापाशी बसने जायचे असल्यास चालकाला आधी सांगून फाट्यावर उतरावे आणि तेथून आत चालत जावे. परतीची गाडी रस्त्यावर हात दाखवून थांबवावी लागते, म्हणून हा बेत दुपारच्या आत उरकावा.

ग्यिरोकास्तर सोडण्यापूर्वी खिशातले लेक मोजावेत. अल्बानियाच्या बाहेर ते बदलून मिळणे फार कठीण असते. उरलेल्या पैशांत बाजारातल्या एखाद्या कारागिराकडून हातात मावेल असा कोरलेला दगड घ्यावा, आणि सामान घेऊन खाली बसथांब्यावर पोहोचण्यासाठी अर्धा तास हाताशी ठेवून निघावे, कारण उतरताना ती फरसबंदी चढतानापेक्षा जास्त घसरते.